अपग्रेडच्या आशेवर स्वस्तातली केबिन घ्यावी का?

सुकाणू

क्रूझ बुक करणाऱ्याला हटकून एक सल्ला मिळतो: सगळ्यात स्वस्त केबिन घ्या, अपग्रेड होऊन वरच्या प्रकारची मिळून जाईल. मला हा सल्ला पटत नाही. जी केबिन मिळाली तर सफरभर कुरकूर राहणार नाही, तीच नंबर निवडून, बुकिंग उघडल्यावर लवकर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर घ्यावी. मग फायनल पेमेंटच्या तारखेपर्यंत भाडं उतरतंय का ते दर आठवड्याला बघावं. ही तारीख बहुधा निघण्याच्या 75 ते 120 दिवस आधी येते, लांबच्या सफरींना त्याहून आधी.

अपग्रेड कंपनी स्वतःच्या सोयीने करते. बिनखिडकीच्या इनसाइड केबिनींना मागणी जास्त आणि वर बाल्कनीच्या केबिनी पडून, अशी वेळ आली की काही जणांना वर सरकवायचं आणि त्यांच्या केबिनी पुन्हा विकायच्या. कोणाला आणि कुठे सरकवायचं, यात तुमचा शब्द चालत नाही.

भाडं उतरलं तर तारखेच्या आत फोन करून किंवा एजंटाकरवी नव्या भावाने बुकिंग करून घेता येतं. अटी बुकिंगच्या देशाप्रमाणे बदलतात, त्या आधीच वाचाव्यात. एक खोच इथेच आहे. भाव बदलला की त्या दिवशीची ऑफर लागू होते आणि जुनी जाते. माणशी 70 डॉलर उतरले म्हणून दोघांचे 140 वाचले असं वाटतं, पण जुन्या ऑफरमध्ये 200 डॉलरचं ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला मिळणारी रक्कम) असेल आणि नव्यात नसेल, तर 60 डॉलर अंगावर आले. म्हणून नुसतं भाडं बघू नका, दोन्ही बेरजा शेजारी मांडा.

हिशेबी

सल्ला सुरक्षित आहे खरा, पण महाग आहे. गॅरंटी केबिनमध्ये प्रकार तुम्ही ठरवता, नंबर कंपनी ठरवते आणि त्याबद्दल भाडं कमी लावते. बाल्कनी गॅरंटी घेतली तर बाल्कनी किंवा त्याच्या वरचं मिळतं, खालचं मिळत नाही. केबिनमध्ये ज्याला फक्त झोपायचंय, त्याने नंबरासाठी पैसे का मोजावेत?

आणि वर जायचंच असेल तर बिड आहे ना, म्हणजे वरच्या केबिनसाठी आपण कंपनीकडे लावायची बोली. रॉयल कॅरिबियनचं रॉयलअप, नॉर्वेजियनचं अपग्रेड ॲडव्हांटेज, सेलिब्रिटीचं मूव्हअप. समजा इनसाइड माणशी 900 डॉलर आणि बाल्कनी 1250. फरक दोघांचा 700. बिड माणशी 180 लावली आणि लागली, तर 360 मध्ये काम झालं, 340 वाचले. नाही लागली तर कार्डावरून छदामही जात नाही आणि आपली केबिन आहेच. मंजूर होईपर्यंत रक्कम बदलता येते, बिड मागेही घेता येते. केबिनमध्ये तिसरा-चौथा असला तरी सहसा पहिल्या दोघांचेच पैसे लागतात, म्हणजे कुटुंबाला जास्तच फायदा.

डेक सात

हिशेबी, 340 वाचले, पण केबिन कुठे मिळाली? बिड लागली की मागे फिरता येत नाही आणि जागा निवडता येत नाही. ‘वरची’ केबिन स्विमिंग पूलच्या बरोबर खाली आली, तर पहाटे खुर्च्या ओढायचा आवाज थेट छतावर. थिएटर किंवा नाइटक्लबच्या वर आली तर मध्यरात्रीपर्यंत ठोके. अगदी पुढच्या टोकाला खालच्या डेकवर (मजल्यावर) आली तर बंदरात शिरताना थ्रस्टरची (जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांची) घरघर, नांगर टाकला तर साखळीचा खडखडाट. अगदी मागे कंप. आणि समुद्र खवळला की हेलकावे सगळ्यात कमी कुठे, तर खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी. म्हणजे ज्याला समुद्र लागतो त्याच्यासाठी मधली ओशनव्ह्यू (खिडकीची केबिन) सोडून नवव्या डेकच्या टोकाची बाल्कनी घेणं हे डाउनग्रेडच.

डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, वाचायची रीत अशी: आपला डेक, त्याच्या वरचा आणि खालचा, असे तिन्ही उघडायचे. लिफ्ट आणि जिने तिन्हीकडे एकाच जागी असतात, त्यांवरून अंतर मोजत आपल्या केबिनच्या वर-खाली काय येतं ते बघायचं. दोन्हीकडे केबिनीच असतील तर निर्धास्त घ्या. प्लॅनवर कोरी दिसणारी जागा मात्र रिकामी समजू नका, तिथे बहुतेक वेळा स्वयंपाकघर, सामानाची खोली किंवा कर्मचाऱ्यांची वाट असते आणि रात्रभर ट्रॉल्या फिरतात. शिवाय बाल्कनीसमोर लाइफबोट आहे का, शेजारच्या केबिनीत उघडणारं दार आहे का, हेही चिन्हांवरून कळतं. त्या दारातून बोलणं ऐकू येतं.

फुकट अपग्रेडचं तर विचारूच नका. रॉयल कॅरिबियनच्या बाल्कन्यांना 1डी, 2डी, 3डी असे कोड असतात. खोली बरीचशी तीच, आकडा लहान म्हणजे कंपनीच्या मते जागा चांगली. 5डीवरून 2डीला नेलं की कागदावर अपग्रेड झालं. तुम्ही विचारपूर्वक निवडलेली शांत जागा मात्र गेली. हे नको असेल तर बुकिंगवर ‘अपग्रेड करू नये’ अशी नोंद आधीच घालून घ्या.

हिशेबी

डेक सात, आवाजाचं मान्य. पण ते सगळ्यांना लागू होत नाही. कानात बोळे घालून गाढ झोपणारेही लोक असतात आणि त्यांना तुम्ही उगाच जास्त पैसे भरायला लावताय.

सुकाणू

गाढ झोपणाऱ्याच्याही बिडमध्ये छुपे खर्च आहेत, ते तुमच्या हिशेबात आले नाहीत. बिड माणशी असली तरी आकारणी दोघांची होते, त्यामुळे एकट्याने 180 लावले तरी 360 जातात. स्वीटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रकारात, गेलात तर रोजची ग्रॅच्युइटी (कर्मचाऱ्यांची टीप) वाढते, तो फरक तुमच्याकडूनच घेतला जातो. लॉयल्टीचे पॉइंट रॉयलअपमध्ये मूळ केबिनप्रमाणेच मिळतात. दोन केबिनींचं बुकिंग असेल तर एकीची बिड लागून दुसरीची राहू शकते आणि कुटुंब दोन डेकवर विभागलं जातं. बिडच्या पानावर कमकुवत ते भक्कम असा काटा दिसतो, तो तुमची रक्कम कुठे बसते एवढंच सांगतो. वर किती केबिनी उरल्यात आणि अजून किती जण रांगेत आहेत, हे त्यात नसतं. काटा हिरवा करण्यासाठी रक्कम चढवत जाणं म्हणजे आंधळेपणाने बोली लावणं.

भरती

तुम्ही सगळेच लवकर बुकिंग धरून बसलात. फायनल पेमेंटची तारीख उलटली की लोक रद्द करतात, केबिनी परत येतात, आणि पुढचे काही आठवडे भाव पडू शकतात. ज्याला तारखेचं बंधन नाही त्याने तेव्हाच शिरावं. वसंतात आणि शरदात जहाजं एका भागातून दुसऱ्या भागात जागा बदलतात, त्या सफरी तर रात्रीमागे सगळ्यात स्वस्त पडतात. अटलांटिक ओलांडायचा असेल तर पश्चिमेकडे जाणारी घ्या, घड्याळ मागे जाऊन बरेच दिवस 25 तासांचे मिळतात.

डेक सात

भरती, जागा बदलणाऱ्या सफरींबद्दल सहमत, फक्त एकेरी विमानभाडं आधी बघा, बचत तिथेच बुडते. शेवटच्या क्षणाच्या स्वस्ताईबद्दल मात्र नाही. केबिनीत दोन माणसं म्हणजे 100 टक्के, तिसरा-चौथा त्याच्या वर, असा या धंद्याचा हिशेब आहे आणि मोठ्या कंपन्या हल्ली त्या मापाने शंभराच्या वर भरून निघतात. उरतं ते कोणी न निवडलेलं. सुट्टीच्या हंगामात तेही नाही. आणि इतक्या उशिरा घेतलं की रद्द केल्यास सहसा निम्म्याहून जास्त पैसे बुडतात, कधी सगळेच.

नांगर

हिशेबी, ‘कुटुंबाला जास्तच फायदा’ हे तुमचं वाक्य मागे घ्या. तिसऱ्या-चौथ्या माणसाची मर्यादा फक्त पलंगांवर ठरत नाही. आणीबाणीत प्रत्येक केबिनला लाइफबोटीची ठरलेली जागा असते आणि त्या जागेची माणसं भरली की केबिनमध्ये चार पलंग मोकळे असूनही कंपनी दोनच जणांना विकते. चौघांच्या केबिनी मुळात थोड्या, त्या आधी संपतात. बिड लावली तरी वरच्या प्रकारात चौघांची जागा असेल तरच ती विचारात घेतली जाते. व्हीलचेअरची केबिन लागणाऱ्याने तर गॅरंटी आणि बिड दोन्हींपासून लांबच राहावं.

एजंटाचा मुद्दा कोणी काढला नाही. भाडं बहुतेक वेळा तेच असतं, पण एजंट ग्रुपच्या भावातली केबिन किंवा क्रेडिट देऊ शकतो. उलट बाजू अशी की बुकिंग त्याच्याकडे असलं की कंपनी तुमच्याशी थेट बोलत नाही. भाव शनिवारी उतरला आणि एजंटाचं कार्यालय सोमवारी उघडणार असेल, तर संधी गेली. थेट बुकिंग ठरावीक मुदतीत एजंटाकडे वळवता येतं, मुदत किती ते आधी विचारा. कार्निव्हल कॉर्पोरेशनचे किमान 100 शेअर ज्यांच्याकडे आहेत त्यांना सहा दिवसांपर्यंतच्या सफरीला 50, सात ते तेरा दिवसांच्या सफरीला 100 आणि चौदा दिवसांपासून पुढे 250 डॉलर क्रेडिट मिळतं. अर्ज मात्र दर सफरीला वेगळा करावा लागतो.

हिशेबी

कुटुंबाचं वाक्य मागे घेतो, लाइफबोटीचा मुद्दा बिनतोड आहे. दोघांसाठी मात्र माझं मत कायम. इनसाइड गॅरंटी घ्या, बिड लावा, पण रक्कम बुकिंगच्या वेळच्या फरकावरून ठरवू नका. लावायच्या दिवशी कंपनीच्या साइटवर बाल्कनी कितीला विकली जातेय ते बघा. फरक माणशी 350 वरून 160 वर आला असेल तर 180 ची बिड मूर्खपणा, त्यापेक्षा फोन करून थेट बाल्कनी विकत घ्या, नंबरही निवडता येईल. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी हा फरक तपासत राहा आणि तो बिडच्या खाली आला तर त्याच दिवशी बिड मागे घ्या. बिडचा निर्णय सफर निघण्याच्या दोन दिवस आधीपर्यंतही येऊ शकतो.