उलटतपासणीला आबांनी धोतर नेसावे की पँट घालावी?

खानापूरकर (धागाकर्ता):
आमच्या आबांचे वय ७१ आहे. काजूच्या बियांचे ३८,५०० रुपये एका व्यापाऱ्याने थकवले असून तो बेळगावात राहत असल्यामुळे दावाही तिथल्याच दिवाणी न्यायालयात चालू आहे. आबांची सरतपासणी (म्हणजे आपल्या बाजूची साक्ष) प्रतिज्ञापत्रावर झाली आहे, त्यामुळे न्यायाधीशांसमोर ते पहिल्यांदा बोलतील ते जुलैतल्या तारखेला, उलटतपासणीच्या वेळी. धोतर, सदरा आणि पांढरी टोपी याखेरीज त्यांनी आयुष्यात दुसरे काही घातलेले नाही. माझ्या धाकट्या भावाने मात्र करड्या रंगाची पँट आणि फिकट निळा शर्ट आणून ठेवला आहे, आणि कोर्टात धोतर बरे दिसत नाही असे त्याचे ठाम म्हणणे आहे. माझे मत नेमके उलटे आहे. घरात दोन दिवस यावरून धुसफुस चालली आहे, म्हणून इथे विचारतो.

निपाणीकर:
आपल्या भावाचे म्हणणे मला पटते. आबांचा अनादर करण्याचा हेतू नाही, पण न्यायाधीशांसमोर एका दिवसात कितीतरी प्रकरणे येतात आणि प्रत्येक माणसाकडे मान वर करून पाहायला त्यांना फारसा वेळ नसतो. समोरचा व्यापारी सफारीत येणार, त्याचा वकील काळ्या कोटात, आणि अशा वेळी आबा धोतर-टोपीत उभे राहिले की ‘खेड्यातला माणूस, वजनाचा हिशेब त्यालाच कळला नसेल’ हे त्या वकिलाला तोंडाने म्हणावेही लागणार नाही. शिवाय जुलैतला खानापूरकडचा पाऊस आपणास मी सांगायला नको. बसमधून उतरून कोर्टाच्या आवारात पोहोचेपर्यंत धोतराच्या काठावर तांबडा चिखल उडालेला असेल, तो करड्या पँटवर निदान झाकून जातो. टोपीबद्दलही विचार करावा. आपल्या भागात डोक्यावरच्या टोपीवरून माणूस मराठी की कानडी याचा अंदाज बांधणारे लोक आहेत.

बैलहोंगल रोड:
टोपीचा मुद्दा मला मुळीच मान्य नाही. आमच्या गावात घरी कन्नड बोलणारे शेतकरीही हीच टोपी घालतात, तेच धोतर नेसतात, आणि त्यांच्या घरच्या बायका तेच इरकल नेसतात. कोर्टात अडचण होते ती खांद्यावरच्या कापडाने. भगवा शेला किंवा लाल-पिवळी शाल घेऊन कोणी पिंजऱ्यात उभे राहू नये, कारण काजूच्या पैशांचा वाद मग नको त्या वादाच्या रंगात दिसू लागतो. पांढरी टोपी कोणाच्या बाजूची नसते. पँटबद्दल एवढेच विचारतो की ज्या माणसाने ७१ वर्षांत कमरेला पट्टा बांधला नाही, तो उलटतपासणीत वकिलाच्या प्रश्नाकडे लक्ष देईल की पट्ट्याकडे?

शहापूरची वहिनी:
स्वतःचा अनुभव सांगते. एका दुकानदाराविरुद्ध मी ग्राहक आयोगात तक्रार केली होती. तिथे वकील लावावाच लागतो असे नाही, म्हणून मीच बोलायला उभी राहिले आणि सासूबाईंच्या आग्रहाखातर रेशमी साडी, पाटल्या आणि हातभर बांगड्या घालून गेले. कागद पुढे करताना बांगड्या इतक्या वाजत होत्या की मला माझाच आवाज नीट ऐकू येईना, आणि नुकसानीमुळे घरखर्चाची ओढाताण झाली असे मी सांगत असताना समोरचे वकील माझ्या पाटल्यांकडे पाहून नुसते हसले. त्या हसण्याला काय उत्तर द्यावे ते मला आजही सुचत नाही. पुढच्या तारखेला मी वडगावच्या मागावरची साधी सुती साडी नेसून गेले. त्यामुळे निकाल बदलला असे मी म्हणणार नाही, पण बोलताना अडखळले नाही. निपाणीकर, आपण म्हणता तसा पोशाखाचा परिणाम होतो, हे खरे आहे, पण उसन्या पोशाखाचाही होतो.

निवृत्त शिरस्तेदार:
दोन गोष्टी स्पष्ट कराव्याशा वाटतात. पोशाखाचा नियम आहे तो वकिलांना. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली बार कौन्सिलने तो केलेला आहे आणि उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत काळ्या कोटातूनही सूट मिळते. पक्षकाराला तसा गणवेश नाही. त्याने फक्त पांढऱ्या शर्टावर काळा कोट चढवून येऊ नये, कारण मग शिपायापासून सगळेच त्याला वकील समजतात. दुसरी गोष्ट अशी की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १२ प्रमाणे साक्षीदार साक्ष देताना कसा वागला याबद्दल न्यायाधीशांना शेरा नोंदवता येतो. तो शेरा वागण्याबद्दलचा असतो, उत्तर टाळणे, चाचरणे, वकिलाच्या तोंडाकडे पाहणे अशा गोष्टींचा. धोतराची नोंद कोणी केलेली मी माझ्या नोकरीत पाहिली नाही.
टोपीविषयी मात्र सावध राहावे. डोके उघडे ठेवून मोठ्यांसमोर जाणे हा आपल्याकडे अनादर, तर काही न्यायालयांत टोपी काढणे हाच मान समजतात. शिपायाने सांगितले तर वाद न घालता ती काढून हातात धरावी, खिशात कोंबू नये. पुकारा केव्हा होईल याचा नेम नसतो, ११ वाजता आलेला माणूस दुपारपर्यंत व्हरांड्यात उभा असतो, तेव्हा अंगाला चिकटणार नाहीत असे सुती कपडेच बरे.

निपाणीकर:
शिरस्तेदारसाहेबांनी नियम सांगितला, त्याबद्दल वाद नाही. पण शेऱ्यात न लिहिलेल्या गोष्टींचाही मनावर परिणाम होतोच, आणि माझा मुद्दा तोच होता. धोतरच नेसायचे ठरले तर ते निदान नवे असावे.

बैलहोंगल रोड:
कोऱ्या धोतराची खळ मोडलेली नसते. ते फुगते, निऱ्या सुटतात आणि माणूस लग्नाच्या मांडवातून उठून आल्यासारखा दिसतो. दोनदा धुतलेले घ्या.

खानापूरकर (धागाकर्ता):
सर्वांचे आभार. काल रात्री हे सगळे आबांना वाचून दाखवले. निपाणीकरांचा चिखलाचा मुद्दा त्यांना एकदम पटला, म्हणून एक धोतर अंगावर आणि दुसरे, नीळ दिलेले, प्लास्टिकच्या पिशवीत वजनाच्या पावत्यांसोबत, असे ठरले आहे. पोहोचल्यावर ते आपल्या वकिलांच्या ऑफिसात बदलतील. टोपी काढायला त्यांची हरकत नाही. पँट भावाने स्वतःसाठी ठेवली आहे, ती त्याला कमरेत दोन इंच सैल होते. आबांनी शेवटी एवढेच विचारले की पायताण आत चालते का, की दाराशी काढायचे. याचे उत्तर मला देता आले नाही.

निवृत्त शिरस्तेदार:
चालते. फक्त करकर वाजणारे कोल्हापुरी नको.