उजवी-डावी खुर्ची मागणारे शिष्य चुकले का?

खानापूरकर:
आमच्या चर्चच्या मंडळीत कमिटीची निवडणूक जवळ आलीय. अध्यक्ष कोण, खजिनदार कोण, सकाळची वेळ मराठी उपासनेला की कन्नडला, यावर रात्री उशिरापर्यंत फोन चालतात. त्यात रविवारी पाळकांनी बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय घेतला. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येशूला म्हणतात, तुझ्या गौरवात आमच्यातल्या एकाला उजवीकडं, एकाला डावीकडं बसव. तो विचारतो, मी पिणार तो दुःखाचा प्याला तुम्हाला पिववेल का? दोघं बेधडक म्हणतात, पिववेल! माझं मत सरळ आहे. ज्याला पदाची हाव, त्यानं शिष्य म्हणवून घेऊ नये. निवडणूकच नको, चिठ्ठ्या टाका. यहूदाच्या जागी मत्थियाला प्रेषितांनी तसंच निवडलं.

कॅम्पातला:
काय बोलूलाय राव? पुढं वाचा की. मोठं व्हायची इच्छाच धरू नका, असं येशू कुठं म्हणाला? ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सर्वांचा सेवक व्हावं, म्हणाला. आणि बाकीचे दहा शिष्य चिडले ते नम्र होते म्हणून? आदल्याच अध्यायात सगळे वाटेनं 'आपल्यात मोठा कोण' यावर भांडत होते. या दोघांनी आधी नंबर लावला, एवढाच राग! मिशनरी वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला, पुढं मेडिकल स्कूल काढलं. महत्त्वाकांक्षेशिवाय? आपल्याकडचे पेशंट आजही मिरजेची गाडी धरतात. चिठ्ठ्या टाकल्या तर बेरीज न येणारा खजिनदार पदरात पडेल.

खानापूरकर:
वानलेसना 'सर' किताब मिळाला १९२८ ला, म्हणजे दवाखाना उघडून चौतीस वर्षांनी. तुमचे उमेदवार आधी फ्लेक्स लावतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी तर १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. पगार गेला, हुद्दा गेला. तुमच्या पॅनेलमधला एक तरी असा दाखवा.

निपाणीची सून:
दोघेही खुर्च्यांवरच अडलात. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही मागणी त्या मुलांची आई करते. तिला सगळे हसतात. पण त्याच शुभवर्तमानात क्रूसाकडं लांबून बघत उभ्या असलेल्या बायकांत ती आहे. तिच्या मुलांचं तिथं नाव नाही.
आणि प्याल्याचं म्हणाल तर तो नेहमी आमच्याच पुढं सरकवला जातो. दिवसभर विड्या वळून घरी आलेली बाई दारुड्याचा मार खाते, तिला सांगतात, 'हा तुझा क्रूस, सोस.' गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं 'हा प्याला टळू दे' अशी प्रार्थना केली होती, ते या उपदेशात कधी येत नाही. सोसलं म्हणून कुणी मोठं होत नसतं.

वडगावचा म्हातारा:
ताई, माराबद्दल पटलं. पण दुःख साफ वगळून चालायचं नाही. 'मी पितो तो प्याला तुम्ही प्याल,' असं येशूनं त्या दोघांना सांगितलंच होतं. याकोबाला हेरोद राजानं तलवारीनं मारलं, प्रेषितांच्या कृत्यांत १२ व्या अध्यायात आहे. योहान पात्म बेटावर हद्दपार झाला, अशी परंपरा सांगते. ते सत्यासाठी सोसणं होतं. घरातला जुलूम हे पाप आहे, तिथं पोलिसांत जायचं. आणि खरोखर उजवी-डावीकडं कोण होतं? क्रूसावरचे दोन लुटारू. निवडणुकीला उभं राहणाऱ्यांनी एवढं वाचून फॉर्म भरावा.

निपाणीची सून:
काका, हेच पुलपिटावरून कुणीतरी बोलायला पाहिजे. खानापूरकर, तुमच्या कमिटीत बायका किती?

खानापूरकर:
एक. चहापाण्याचं तिच्याकडं असतं.

कॅम्पातला:
मग यंदा तिलाच खजिनदार करा. पण मतं देऊन.

खानापूरकर:
चिठ्ठ्यांत तिचंही नाव टाकतो. मतदानाला माझा विरोध कायम.