छोटी मोटर, एवढा जोर कसा?
प्रश्न असा, की मुठीएवढी मोटर फोर व्हील ड्राइव्हच्या ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीतला) क्लच एवढ्या जोरात दाबते कशी. ही करामत बॉल-रॅम्पची. समोरासमोर दोन चकत्या, त्यांवर उथळ होत जाणाऱ्या वक्र खाचा, मध्ये पोलादी गोळ्या. मोटर गिअरमधून एक चकती जराशी फिरवते, गोळ्या चढ चढतात, चकत्या जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर दूर सरकतात आणि क्लचच्या प्लेटांवर हजारो न्यूटनचा दाब येतो. काही डिझाइनमध्ये चढ सुरुवातीला तीव्र असतो, म्हणजे प्लेटांमधली फट झटकन मिटते. पुढे तो सौम्य होतो, म्हणजे जोर वाढतो. मला हे फार आवडतं! मात्र मोटरचा गिअर सेल्फ-लॉकिंग वर्म गिअर (मळसूत्रासारखा, उलट दाबाने मागे न फिरणारा) असेल, तर वीज गेल्यावरही क्लच दाबलेलाच राहतो, आणि एबीएस (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागताना तर तो पटकन सुटायला हवा.