मदत हवी आहे: बर्फात स्कीइंग, गुलमर्ग (काश्मीर) की औली (उत्तराखंड), आणि कधी?

नमस्कार मंडळी, आम्ही भुसावळकर, म्हणजे मे महिन्यात ४५ डिग्रीत भाजून निघणारे लोक, त्यामुळे बर्फाचं वेड जरा जास्तच. मागे नाताळच्या सुट्टीत मनालीजवळ सोलंगला गेलो होतो, रस्त्यावरच्या दुकानातून भाड्याने सूट आणि गमबूट घेतले, आणि वर जाऊन बघतो तर नुसता चिखल! पोरगी त्या फुगलेल्या लाल सूटमध्ये घामाघूम, मी बूट हातात घेऊन परत. आता तसं नको.

यंदा गुलमर्ग म्हणतोय, कारण गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास ३९०० मीटरवर नेतो. पण २०२४ च्या जानेवारीत तिथेही बर्फ नव्हता, आणि २०२५ च्या खेलो इंडियाच्या हिवाळी खेळांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलला, मग चिल्लई कलानमध्ये (काश्मीरच्या सगळ्यात कडक थंडीत, २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी) जायचं की सरळ फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरायचा? मार्चमध्ये पोरीची परीक्षा, त्यामुळे तो बाद. औली मला शिकायला सोपं वाटतं, पण त्याच्या खालच्या जोशीमठपर्यंतचा रस्ता आईला झेपेल का, हा प्रश्नच आहे.

रेल्वेने जम्मू, मग कटऱ्याहून श्रीनगरची वंदे भारत, हे थंडीत कोणी केलंय का? अगदी नवशिक्यांना किती दिवस लागतात, आणि प्रशिक्षक आधी ठरवावा की तिथे जाऊन? कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या चार दिवस टिकतात, तेवढी सोय आम्ही करू, बाकी तुम्ही सांगा भाऊ.