चोर्ला घाट उतरताना सेकंड टाकला की गाडी हिसका मारते, काय चुकतंय?

बेळगावात टिळकवाडीत राहतोय, गाडी पेट्रोल हॅचबॅक. महिन्यातनं एकदा तरी गोव्याला जाणं होतंच, जांबोटी कणकुंबीवरनं. चढताना काय त्रास नाही, पण घाट उतरताना थर्डचा सेकंड करून क्लच सोडला की असा हिसका बसतोय की मागं बसलेली आई म्हणते ह्यापेक्षा एस्टी बरी. व्हिडिओ बघून हील-टो (एकाच पायानं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबायचं) करायला गेलो तर ब्रेकच कचकन दाबला गेला. कसं शिकायचं वो हे?

खानापूरकर: हील-टो राहू दे बाजूला, आधी रेव्ह मॅच शीक, म्हणजे इंजिनाचे फेरे खालच्या गिअरला जुळवून घेणं. स्पीड तोच ठेवून थर्डवरनं सेकंडला आलं की इंजिनाचे फेरे साधारण दीडपट लागतात, म्हणजे २००० वर होतास तर ३००० च्या आसपास. तू क्लच सोडतोस तेव्हा इंजिनाचे फेरे खाली पडलेले असतात, त्यांना चाकं ओढून वर नेतात, तोच तुझा हिसका. क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी मार आणि मग सोड. हे सपाट रस्त्यावर जमव, आणि घाटात वळणात शिरल्यावर नको, आधीच ब्रेक मारून स्पीड उतरव, मग गिअर.

निपाणी_लाईन: आमचे आप्पा जुना ट्रक चालवायचे, त्यात डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडायचाच नाही, मधे न्यूट्रलला क्लच सोडून रेस द्यायची, परत दाबायचा. तुझ्या गाडीत सिंक्रो आहे, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळतात, गरज नाही. पण न्यूट्रलला टाकून उतरू नको बाबा, पेट्रोल वाचतंय म्हणून बरेच जण करतात. उलट गिअरमधे पाय काढला की इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल बंदच होतंय. न्यूट्रलमधे मात्र सगळा भार ब्रेकवर, तापले की पेडल दाबून पण गाडी थांबत नाही.

पावसाळी_गडी: पावसात सेकंड टाकून क्लच एकदम सोडलास तर पुढची चाकं घसरतील, आणि तिथं एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) पण कामाला येत नाही, कारण चाक ब्रेकनं नाही, इंजिननं अडवलेलं असतंय. आणि हील-टोला टाच लागतच नाही खरं तर, चवडा ब्रेकवर आणि पायाची उजवी कड ॲक्सिलरेटरवर कलवायची. गाडी उभी करून, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमधे बघ जमतंय का. इंजिन चालू ठेव पण, बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतोय, खरा अंदाज येत नाही.

प्रश्न विचारणारा: रविवारी सकाळी वेंगुर्ला रोडला ट्राय केलं. दहातनं सहा वेळा हिसका नाही. आईला अजून बसवलेलं नाही.