शब्दचर्चा: 'सेनानी', 'समादेशक', 'राखीव'

लष्करकर: आपल्याकडे मध्य प्रदेशात विशेष सशस्त्र पोलीस बलाच्या वाहिनीवर, म्हणजे बटालियनवर, 'कार्यालय, सेनानी' अशी पाटी असते. महाराष्ट्रात राज्य राखीव पोलीस बलाच्या कागदांवर तोच हुद्दा 'समादेशक'. प्रादेशिक सेनेबद्दल (टेरिटोरियल आर्मी) लिहिताना कुठला घ्यावा?

मुरारकर: दोन्ही नकोत. दोन्ही पोलिसांतले कमांडंट. इथली 'वाहिनी' तोच तिकडचा 'गट'. नेमणूक-बदली राज्याचं गृहखातं करतं. प्रादेशिक सेना संरक्षण खात्याची, 1948 च्या कायद्यातली. तिच्या बटालियनचा प्रमुख कमांडिंग ऑफिसर, बोलताना 'सीओ'. तेच लिहा. मराठी वाचकाला 'सेनानी' म्हटलं की स्वातंत्र्यसेनानीच दिसतो.

कंपूवाला: 'राखीव'ही फसवा. सीआरपीएफच्या (केंद्रीय राखीव पोलीस दल) नावात 'राखीव' आहे, पण जवान बारमाही नोकरीत. प्रादेशिक सेनेच्या नावात तो शब्द नाही, आणि तिथे मूळ कल्पनाच नोकरी-धंदा सांभाळून गणवेश चढवण्याची.

लष्करकर: 'अधिकारी नेमला' चालेल ना?

मुरारकर: अर्धंच. आधी कमिशन, तेही राष्ट्रपतींचं. कुठल्या युनिटात, कुठल्या पदावर, ती नेमणूक नंतर. 'कमिशन'ला दलालीचा वास येतो खरा, पण 'सनद' लिहिलंत तर वकील आठवतो. कमिशनची वाट लांब आहे: वय 18 ते 42, पदवी, स्वतःची कमाई, मग लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबी म्हणजे सेवा निवड मंडळ, वैद्यकीय तपासणी. धोनीला 2011 मध्ये मिळालेलं लेफ्टनंट कर्नलपद या वाटेचं नव्हे, तिथे 'मानद' गाळू नका.

लष्करकर: आणि 'प्रादेशिक सेनेचा माणूस लष्करी कायद्याखाली असतो' हे वाक्य?

कंपूवाला: सरसकट लिहिलं तर चूक. 1948 च्याच कायद्यातलं कलम 9 पाहा: अधिकारी, त्या नात्याने कर्तव्यावर असताना; आणि भरती झालेला जवान, बोलावला, एम्बॉडी केला किंवा नियमित सेनेला जोडला असताना. तेवढ्या काळापुरता 1950 चा आर्मी अ‍ॅक्ट लागू. ('लष्कराला जोडला' असं ग्वाल्हेरच्या वाचकासाठी लिहू नये, 'लष्कर' हा तिथल्या शहराचा भाग, तो महाराज बाड्याकडे बघेल.) 'एम्बॉडी'ला 'उभारणे' लिहितात, तेही नको. उभारणी नव्या बटालियनची होते. इथे असलेलीच पूर्णवेळ सेवेत आणतात.

मुरारकर: एक राहिलं. 'बटालियनला सीओ जबाबदार' लिहू नका. 'अपघाताला चालक जबाबदार' या चालीवर त्यानेच काही घडवलंसं वाटतं. 'बटालियनची जबाबदारी सीओवर', आणि चौकशी असेल तर 'जाब सीओला'.

लष्करकर: 'उत्तरदायी'?

मुरारकर: पाटीवर ठीक. बोलताना कोणी म्हणत नाही.