बडोद्याहून धोळावीरा आणि लखपत: आईबाबांना घेऊन कसं जमवावं?

दांडियाबाजारकर:
डिसेंबरअखेर चार दिवस सुट्टी आहे. आईबाबांना कच्छमधलं हडप्पाकालीन शहर धोळावीरा दाखवायचंय, जमलं तर लखपतचा जुना किल्लाही. बाबांचे गुडघे दुखतात, पण मोहेंजोदारो-हडप्पाच्या गोष्टी ऐकवतच त्यांनी आम्हाला वाढवलं, त्यामुळे जायचंच आहे. भुजला मुक्काम ठेवून दोन्ही होईल का? सरहद्दीजवळ म्हणून परवाना लागतो का?

भटकीताई:
भुजहून एका दिवसात धोळावीरा करू नका. खावड्याकडून रणातून थेट रस्ता झाल्यापासून बरेच जण तसं करतात आणि नेमके भर दुपारी पोचतात. अवशेषांवर सावली अशी नाहीच. धोळावीरा ज्या खदीर बेटावर आहे तिथेच रात्र काढा आणि सकाळी उघडल्याबरोबर आत शिरा.

बाबांना आधी पूर्वेकडचा मोठा तलाव दाखवा. मनसर आणि मनहर हे पावसाळी ओढे. त्यांचं पाणी बांध घालून वळवलं आणि गावाभोवतीच्या तलावांत साठवलं. तलावाच्या पायऱ्या काठावरूनच नीट दिसतात, उतरायची गरज नाही. मग जमेल तेवढं बालेकिल्ल्यावर चढा. उत्तर दरवाज्यापाशी हडप्पा लिपीतल्या दहा चिन्हांची पाटी सापडली होती. फळीचं लाकूड कुजून गेलं, पण जिप्समचे तुकडे जुळवून केलेली चिन्हं जशीच्या तशी मातीत पडून होती. आजही ती कुणाला वाचता आलेली नाहीत. तिथे उभं राहिलं की माझा पाय निघत नाही.

संग्रहालयही बघा. पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं बहुधा शुक्रवारी बंद असतात, त्या हिशेबानं वार ठरवा.

कमाटीबागवाला:
धोळावीरा आणि लखपतच्या किल्ल्याला परवाना लागत नाही. धोरडोच्या पांढऱ्या रणाला लागतो. आधारकार्ड प्रत्येकानं जवळ ठेवा आणि बीएसएफच्या चौकीचे फोटो काढू नका.

आणखी एक, वाटेत शिकारपूर लागतं. तिथलं हडप्पाकालीन उत्खनन आपल्या महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं केलंय. बाबांना नक्की सांगा, बडोदेकराला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

दांडियाबाजारकर:
खूप आभार! आणि लखपत? की या वेळी सोडून द्यावं?

भटकीताई:
एकच निवडायचं तर धोळावीराच. पण चार दिवस आहेत तर लखपत सोडू नका, फक्त त्याला भुजहून वेगळा दिवस द्या. 1819च्या भूकंपात अल्लाबंद, म्हणजे बांधासारखा जमिनीचा लांब पट्टा, वर उचलला गेला, सिंधूच्या फाट्याचं पाणी तुटलं आणि भरभराटीचं बंदर ओस पडलं. आत घरं थोडीच उरलीत, तट मात्र सुमारे सात किलोमीटरचा शाबूत आहे. गुरुद्वाराही बघा, तिथे आईबाबांना निवांत बसता येईल.

रात्रीच्या गाडीनं भचाऊला उतरा, तिथून टॅक्सी करून रापरमार्गे धोळावीरा, मग रणातून भुज. परतीची गाडी भुजहूनच धरा. रापरनंतर गैरसोय नको म्हणून पाणी, औषधं आणि डिझेल तिथेच भरून घ्या. खदीरमधली राहायची जागा मात्र आजच फोन करून धरा, डिसेंबरात रणोत्सवाची गर्दी असते.